गॅरेजात गाडी रंगवायची तर आधी हवेचं बघा

छत-भिंती झाडून १०० मायक्रॉनचं प्लास्टिक ताणून चिकटवा. सैल राहिलं तर पंखा लागताच फडफडतं आणि ओल्या रंगावर धूळ बसते. हवा एका टोकाने फिल्टरमधून आत, समोरून एक्झॉस्टने बाहेर. घरातला साधा पंखा इथे अजिबात नको! थिनरची वाफ मोटरच्या ठिणगीनेही पेटते. एक्झॉस्टला स्फोटरोधक (ठिणगी बाहेर न पडणारी) मोटरच घ्या. गिझर, हीटर बंद. धूळ उडू नये म्हणून फरशी नुसती ओलसर करा.

पावसाळ्यात लॅकर (थिनर उडून वाळणारा रंग) पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पत्र्यावरचा थर गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. अशा दमट दिवशी स्प्रे गन हातात घेऊच नका.

टू-के क्लिअर म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा पारदर्शक थर; त्याच्या हार्डनरमध्ये (थर कडक करणाऱ्या भागात) आयसोसायनेट हे रसायन असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क निरुपयोगी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लावा, हातमोजे आणि अंगभर सूटही.