जुनी पिकअप घेताय? या चुका टाळा, आणि आधी ती काय वाहत होती ते विचारा

मित्रांनो, सांगली मिरज तासगाव विटा असो नाहीतर कराड सातारा फलटण, धंद्याला लागणाऱ्या पोराची पहिली मोठी खरेदी बहुतेक वेळा जुनी पिकअपच असते. कुणाला द्राक्षाचे क्रेट न्यायचेत, कुणाला दूध गोळा करायचंय, कुणाला हार्डवेअरचं भाडं मारायचंय. नवी गाडी परवडत नाही, हप्ता झेपत नाही, म्हणून जुनी. त्यात काही वाईट नाही, नीट बघून घेतलेली जुनी बोलेरो पिकअप किंवा छोटा हत्ती घर चालवतो, पण न बघता घेतली तर भाडं एका हातानं येतंय आणि दुसऱ्या हातानं गॅरेजवाल्याला जातंय, असं होताना लय बघितलंय म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक: फक्त किलोमीटर विचारणं

गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न काय, तर "किती पळालीय?" अहो मीटर मागं फिरवायला फार वेळ लागत नाही, आणि मीटर खरा असला तरी पिकअपच्या बाबतीत त्यावरनं अर्धीच गोष्ट कळते. गाडीनं काय वाहिलं, कुठल्या रस्त्यानं वाहिलं आणि किती भरून वाहिलं हे विचारा.

दुधाच्या गाडीचं रनिंग भरपूर असतं, रोज सकाळ संध्याकाळ, पण तिला एक दिवसही बंद पडून चालत नाही म्हणून मालक सर्व्हिसिंग वेळेवर करतो, अशी जास्त पळालेली गाडी मला तरी चालते, फक्त हौद्याचा पत्रा बघायचा कारण दूध सांडून सांडून खालून गंजलेला असतो. वीट, वाळू, मुरूम वाहिलेली गाडी कमी पळालेली असली तरी कमान पाटे आणि चेसिसची वाट लागलेली असू शकते. पाण्याची टाकी बसवलेली गाडी, म्हणजे आपल्या जत आटपाडी माण खटाव भागात उन्हाळ्यात जी पळते ती, तिचा हिशोब सोपा आहे, एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आता तिच्यावर दोन हजाराची टाकी असली तर पासिंग किती, म्हणजे किती माल भरायला परवानगी, आणि वजन किती ते तुम्हीच बघा, वर पाणी आत हिंदकळतंय ते वेगळंच. डीजेची गाडी तर मीटरवर एकदम कोरी दिसते, पण ती मिरवणुकीत तासन्तास फर्स्ट गिअरमध्ये हाफ क्लचवर रांगलेली असते, क्लच संपलेला, आणि सांगाडा बसवायला चेसिसला भोकं पाडून वेल्डिंग मारलेलं. एमएच ०८ पासिंगची, म्हणजे रत्नागिरीकडची गाडी स्वस्तात मिळत असेल तर मासळी वाहत होती का ते हमखास विचारा, मिठाचं पाणी झिरपून चेसिस आतून खातं आणि वरून रंग चकाचक असतो.

खरं कुणी सांगणार नाही म्हणाल, पण गाडी सांगते. हौद्यातला पत्रा, फाळक्याच्या बिजागऱ्या, दोरी बांधायच्या हुकांची झीज, केबिनच्या मागच्या जाळीवर क्रेट घासल्याच्या खुणा, सगळं बघा. मीटरवर चाळीस हजार आणि क्लच पॅडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटचा फोम बसलेला, स्टेअरिंग चकाकतंय, तर मग मीटर सोडून द्या.

गाडीखाली न झोपता सौदा करणं

इस्त्रीचे कपडे घालून गाडी बघायला जाऊ नका. एक पोतं, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा, मागच्या अॅक्सलपाशी खाली झोपा. पाटे जिथं चेसिसला अडकवलेले असतात ते हँगर, त्याच्या आजूबाजूला तडे गेलेत का, वेल्डिंगची शिवण दिसतीय का, पट्टी मारलीय का. पाटे मोजा, एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा नवा किंवा जाड दिसला तर जादा टाकलाय, म्हणजे गाडी ओव्हरलोडच मारत होती.

ओळखीच्या एका पोराबरोबर विट्याकडं अशीच गाडी बघायला गेलो होतो. वरून एक नंबर, नवीन सीट कव्हर, टायरला पॉलिश. खाली वाकलो तर अख्ख्या चेसिसला ताजा काळा रंग, बोटाला लागत होता. मालक म्हणाले, "गंज नको म्हणून मारलाय दादा." ठीक आहे म्हटलं, पण डाव्या हँगरपाशी रंग जरा जाड वाटला, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर पापुद्रा निघाला आणि खाली बोटभर लांब वेल्डिंग, त्याच्या टोकाला नवीन तडा सुरू झालेला, केसाएवढा. तिथनंच परत फिरलो. जुन्या गाडीखाली नवा रंग दिसला की मी तरी खरवडल्याशिवाय पुढं बोलत नाही, आणि मालकानं खरवडू दिलं नाही तर तेच उत्तर समजायचं.

चेसिस सरळ आहे का बघायची साधी पद्धत म्हणजे चारी टायर ओले करायचे आणि कोरड्या सिमेंटवर गाडी सरळ हळू चालवायला लावायची. मागच्या चाकांचा पट्टा पुढच्यांच्या मागं दोन्ही बाजूंनी सारखा पडायला पाहिजे. एका बाजूला सरकून पडत असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालतीय, अॅक्सल सरकलाय किंवा चेसिस वाकलीय, कुठंतरी जोरात ठोकलेली असणार.

गरम इंजिन बघून खूश होणं

जायच्या आदल्या दिवशी फोन करून सांगा, "मालक, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावा, कोमट लागलं तर समजायचं की सकाळी उठवून ठेवलीय. थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला किती वेळ घेतंय आणि धूर कसला हे बघायचंय. सुरवातीला जरा पांढरा धूर येऊन गेला तर चालतंय. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रेस केल्यावर काळ्या धुराचे लोट म्हणजे पंप, नोझल, टर्बो नाहीतर एअर फिल्टर, यातलं काहीतरी.

मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ येते, पण भकाभका धूर बाहेर फेकत असेल, झाकण वर ठेवलं की उडत असेल, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा पिस्टन गेलेत, इंजिनकाम आलं. आणि एक गोष्ट, डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत नवं ऑइलसुद्धा थोड्या दिवसात काळं होतंय. चहासारखं दुधट दिसलं तर मात्र सोडा ती गाडी, ऑइलमध्ये पाणी जातंय.

रेडिएटरचं झाकण गाडी थंड असतानाच उघडायचं, गरम असताना कधीच नाही. आत हिरवं लाल कूलंट असलं तर छान, पण आपल्याकडं बरेच ड्रायव्हर बोअरचं पाणी ओततात, त्याचा क्षार रेडिएटरमध्ये बसतो आणि गाडी सपाटीला नीट चालते आणि घाटात काटा वर जातो. पांढरा थर दिसला की रेडिएटरचं काम धरूनच भाव करा.

बीएस सिक्स गाडी, म्हणजे एप्रिल २०२० पासूनची, घेत असाल तर मॉडेलप्रमाणे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, किंवा धूर साफ करणारी युरियाची सिस्टीम असते, ते काम महागात जातं. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी दिवाच बंद करून ठेवलाय. स्कॅनर लावणारा मेकॅनिक बरोबर न्या.

रिकामी गाडी चालवून टेस्ट ड्राइव्ह झाली म्हणणं

रिकामी पिकअप सगळ्यांचीच पळते. पाच सहाशे किलो काहीतरी टाका, सिमेंटची पोती टाका, माणसं बसवून ही टेस्ट करायची नाही. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट जवळ आहे, वाईत पसरणी आहे, मिरजेकडं असाल तर दंडोबाच्या चढाला न्या. चढात वरच्या गिअरला रेस दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी वाढत नाही तर क्लच सरकतोय. चढावर थांबवून हँडब्रेक ओढा, धरला पाहिजे. उतारावर गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडा, गिअर आपोआप न्यूट्रलला उडतो का बघा. साठच्या स्पीडला मागनं हूं असा आवाज येतोय आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलतोय तर क्राउन पिनियन, म्हणजे मागच्या हाऊसिंगमधले गिअर, गेलेत.

पुरात बुडालेली गाडी न ओळखणं

हे आपल्या भागात लय महत्त्वाचं. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, परत जुलै २०२१ ला पूर आला, किती गाड्या पाण्याखाली गेल्या आपण सगळ्यांनी बघितलंय. धुऊन पुसून विकलेल्या अशा गाड्या अजून फिरतायत. इंजिन दुरुस्त झालेलं असतं, पण वायरिंग हळूहळू सडतं, आज हेडलाइट, उद्या स्टार्टर, परवा मीटर बंद. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर गाळाची रेघ राहते, ती धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. सीटचे रूळ, फ्यूज बॉक्समधले हिरवे पडलेले कॉन्टॅक्ट, हेडलाइटच्या आतली पाण्याची पातळी बघा. केबिनमध्ये कुबट वास लपवायला भरमसाठ सेंट मारलेला असेल तर तोही पुरावाच धरा.

कागद नंतर बघू म्हणणं

विसार द्यायच्या आधी कागद, नंतर नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, "हप्ते संपलेत, कागद येतील" यावर विश्वास ठेवायचा नाही. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून फिटनेस, इन्शुरन्स, टॅक्स सगळं तपासा, ई चलन वेगळं तपासा, जुन्या मालकाची चलनं तुमच्या डोक्यावर बसतात. मालवाहू गाडीची फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावी लागते. हौदा वाढवलेला, जाळी उंच केलेली असेल तर तिथंच अडकते. आरसीवर लेडन वेट, म्हणजे मालासकट गाडीचं वजन, बघा, तीन हजार किलोपर्यंत गुड्स परमिट लागत नाही, त्याच्या वर लागतं, आणि मोठ्या पिकअप त्याच्या वर जातात. चेसिस नंबर स्वतः पेन्सिलनं ठसा काढून आरसीशी जुळवा.

जत मिरजेकडच्या मंडळींना कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्त मिळते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इकडचा टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच कमी होते. आधी बेरीज करा.

टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करायच्या फॉर्मवर, सह्या घेऊन गाडी तशीच फिरवणं तर बंदच करा. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करायची असा नियमच आहे, फॉर्म २९ आणि ३०. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला सांगितलंय की आरटीओत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, म्हणजे विकणाऱ्यानंही मागं लागून नाव बदलून घ्यायला पाहिजे. आणि घेणाऱ्याचं नुकसान असं की इन्शुरन्स जुन्या नावावर असताना गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जातो.

लायसन्सचं बरेच जण विचारतात म्हणून, साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात टनापर्यंतची मालवाहू गाडी चालते, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ते पक्कं केलंय.

खिशातले सगळे पैसे गाडीत घालणं

तीन लाख आहेत म्हणून तीन लाखाची गाडी बघू नका. टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेक, ट्रान्सफर आणि इन्शुरन्स हे लगेच येतंय, नुसतं थर्ड पार्टी २०२२ च्या दरानं १६,०४९ रुपये, वर जीएसटी. द्राक्षाचा सीझन तोंडावर आला की घाईनं उचलेल ती गाडी उचलतात, त्यापेक्षा दोन तीन महिने आधीपासून बघायला लागा, नाहीतर एक सीझन भाड्याची गाडी लावा. यार्डातली सीझिंगची, म्हणजे हप्ते थकले म्हणून फायनान्सनं ओढून आणलेली गाडी असेल तर ती आहे त्या स्थितीत मिळते, बऱ्याचदा चालवूनसुद्धा देत नाहीत, त्यामुळं मिस्त्री बरोबर असल्याशिवाय तिकडं जाऊच नका.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

इंजिन, गिअर आणि हाऊसिंगचं ऑइल, सगळे फिल्टर आणि कूलंट बदलून टाका, जुन्या मालकानं कधी बदलले ते विसरा. सकाळी उशिरा सुरू होतेय तर लगेच पंप नोझल खोलू नका, आधी बॅटरी, ग्लो प्लग असले तर ते आणि डिझेल लाइनमध्ये हवा शिरतीय का बघा, बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. गाडी एका बाजूला ओढतेय तर अलाइनमेंटला पैसे घालायच्या आधी हवा सारखी करा आणि फिरवून आल्यावर चारी चाकांच्या डिस्कजवळ हात नेऊन बघा, एकच चाक जास्त तापलं तर तिथला ब्रेक चिकटतोय. ब्रेक पॅडल खाली जातंय, दोनदा मारल्यावर धरतंय, तर त्या दिवशी भाडं मारायचं नाही, गाडी सरळ गॅरेजला लावायची, मागचे लायनर, व्हील सिलेंडर आणि मास्टर सिलेंडर उघडून बघायचे, आणि खंबाटकी उतरायचा बेत त्यानंतरच.