सर्पदंशाचं मूल आणि काचेची नळी (नव्या रेसिडेंटसाठी)

घोणस किंवा फुरसे चावलेलं मूल आलं की सगळे सुजलेल्या पायाभोवती गोळा होतात. पाय बघाच, पण या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि कुठूनही रक्त येऊ शकतं, म्हणून हिरड्या, सुई टोचलेली जागा आणि लघवीचा रंगही बघा. मूल डोकं दुखतंय म्हणालं, उलट्या करू लागलं किंवा पेंगायला लागलं, तर मेंदूत रक्तस्राव नाही ना हा विचार आधी.

रक्त गोठतंय का ते बघायची वीस मिनिटांची टेस्ट सगळ्यांना पाठ असते. दोन मिली ताजं रक्त, नळी स्थिर, वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करायची. मला रडवलं ते नळीनेच. ती काचेचीच हवी, नवी आणि कोरडी. काचेचा पृष्ठभाग रक्त गोठण्याची साखळी सुरू करतो. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही पातळच राहू शकतं. मग गरज नसताना अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचा उतारा) जातं आणि त्याची रिअ‍ॅक्शन ते पोर भोगतं. शंका आली तर तशाच दुसऱ्या नळीत निरोगी मोठ्या माणसाचं रक्त शेजारी ठेवा. दोन्ही पातळ राहिली तर दोष नळीचा. आणि दर दोन मिनिटांनी उचलून हलवू नका! पहिल्या टेस्टला रक्त गोठलं म्हणून घरीही सोडू नका, विष उशिरा चढतं. टेस्ट पुन्हा पुन्हा करा.

वजनावर डोस काढून देणाऱ्या अ‍ॅपवर माझा राग आहे. सापाने वजन बघून विष सोडलेलं नसतं. अँटिव्हेनमचा डोस मोठ्यांइतकाच. वजनाप्रमाणे बदलतं ते अँटिव्हेनम मिसळायचं सलाइन.

डोस दिल्यावर तासाभरात रक्त गोठलं नाही तर घाबरू नका. अँटिव्हेनम विष अडवतं, रक्त गोठवणारे संपलेले घटक भरून देत नाही. ते घटक यकृत बनवतं, त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून पुढची टेस्ट सहा तासांनी, तेव्हाही पातळ असेल तर पुन्हा डोस. तोवर कुणी सीनियर 'एफएफपी (गोठवून साठवलेला प्लाझ्मा) लावून टाक' म्हणाले, तर अँटिव्हेनम गेलंय का ते आधी विचारा. रक्तात मोकळं विष असताना प्लाझ्मा म्हणजे आगीत तेल. अशा वेळी सीनियरपेक्षा रात्रपाळीच्या सिस्टरचं ऐकलेलं बरं, हे माझं मत.

धनुर्वाताचं इंजेक्शन रक्त गोठायला लागेपर्यंत थांबवा. अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या अ‍ॅलर्जीत) अ‍ॅड्रेनालिन मात्र क्षणभरही थांबवू नका. ते सिरिंजमध्ये भरून उशाशीच ठेवा.