जर्मनीत क्रिकेट क्लब उभा करायचाय? बॅट नंतर, आधी मैदान

म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रँकफर्ट किंवा हँबर्गमध्ये अकरा क्रिकेटवेडे जमवणं अवघड नाही. नोकरीसाठी आलेले मराठी, तेलुगू, पंजाबी इंजिनियर, शिकायला आलेली मुलं, पाकिस्तानी, श्रीलंकन, २०१५ नंतर आश्रयाला आलेले अफगाण तरुण, एका संदेशात टीम तयार होते. अडतं ते मैदानावर. इथल्या जवळपास प्रत्येक गवताच्या मैदानाचे तास आधीच वाटलेले असतात आणि ते वाटप फुटबॉल डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असतं. आझाद मैदानावर एका सामन्याच्या कव्हरमध्ये दुसऱ्या सामन्याचा फाइन लेग उभा असतो, तो प्रकार इथे चालत नाही. म्हणून किटच्या खरेदीला सगळ्यात शेवटी हात घाला.

स्वतःचा क्लब, की दुसऱ्याचं छप्पर?

जर्मनीत संघटित खेळ म्हणजे 'फेराइन', नोंदणीकृत संस्था. पालिकेचं क्रीडा खातं, 'श्पोर्टआम्ट', मैदानाचे तास संस्थेला देतं. पंधरा मित्रांचा गट अर्ज घेऊन गेला तर त्याला फारसं कुणी विचारत नाही. इथे दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे गावातल्या जुन्या बहुखेळी फेराइनमध्ये 'आब्टाइलुंग', म्हणजे क्रिकेटचा विभाग म्हणून शिरणं. ब्रेमेनमधल्या एसजी फिंडॉर्फसारख्या क्लबांत क्रिकेट असंच इतर खेळांच्या शेजारी नांदतं. मैदानाचे तास, गोदाम, हिवाळ्यातला हॉल आणि विमा तिथे तयार असतो. बदल्यात वर्गणी मूळ क्लबच्या खात्यात जाते आणि प्रत्येक खर्चाला त्यांची संमती लागते. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी आमचा कौल निःसंशय याच वाटेला. ज्या क्लबांची फुटबॉल सदस्यसंख्या घटत चालली आहे, तिथे आधी विचारा. त्यांनाही सदस्य हवे असतात.

दुसरी वाट स्वतःची नोंदणी. त्यासाठी किमान ७ सदस्य लागतात आणि घटनेवर, म्हणजे 'जात्सुंग'वर, सातांच्या सह्या लागतात. घटनेत नाव, ठिकाण, उद्देश, नोंदणीचा हेतू, सदस्य होण्याचे आणि सोडण्याचे नियम, वर्गणी, कार्यकारिणी आणि सभा बोलावण्याची पद्धत हवी. मग कार्यकारिणी नोटरीसमोर सही करून अर्ज स्थानिक न्यायालयाच्या नोंदवहीत देते. पुढे सदस्य तीनपेक्षा कमी झाले तर नोंदणी जाते.

यात अर्ज बहुधा दोन ठिकाणी अडतात. सार्वजनिक हिताची संस्था म्हणून करसवलत हवी असेल, तर दार सगळ्यांना उघडं असावं लागतं. 'भारतीयांसाठी क्रिकेट व सांस्कृतिक मंडळ' अशी घटना लिहिली की 'फिनान्सआम्ट', म्हणजे कर कार्यालय, हरकत घेतं. करकायद्याला जोडलेल्या नमुना घटनेतली वाक्यं जशीच्या तशी घ्या. क्लब बंद पडल्यास मालमत्ता कुणाला जाईल, ते कलम विसरू नका. संस्थापना सभेच्या आधीच मसुदा कर कार्यालयाला दाखवा, म्हणजे पुन्हा सभा घ्यावी लागत नाही.

दुसरी अडचण माणसांची. उत्साही विद्यार्थ्याला खजिनदार करतात, वर्षभरात त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागते. कायद्याने प्रतिनिधित्व करणाऱ्या कार्यकारिणीतला प्रत्येक बदल पुन्हा नोटरी आणि पुन्हा न्यायालय मागतो. ज्यांची मुलं शाळेत आहेत किंवा ज्यांनी घर घेतलंय, अशांना या पदांवर बसवा आणि तरुणांना कर्णधारपद द्या.

टेपने मोजा, मगच अर्ज करा

फुटबॉलचं प्रमाण मैदान १०५ × ६८ मीटर असतं. मधोमध खेळपट्टी टाकली तर स्क्वेअरची, म्हणजे खेळपट्टीच्या दोन्ही बगलांची, सीमारेषा ३४ मीटरवर येते. एवढ्या जागेत लहान मुलांचं मऊ चेंडूचं क्रिकेटच होईल. आंतरराष्ट्रीय पुरुष सामन्यात खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषा किमान ५९.४३ मीटर लागते. क्लबच्या पातळीवर तेवढा आग्रह कुणी धरत नाही, तरी सीझन बॉलने, म्हणजे कडक लेदर चेंडूने, खेळायचं तर अंदाज त्याच्या आसपासचा ठेवावा.

म्हणून शेजारी-शेजारी, लांब बाजू एकमेकींना लागून असलेली दोन फुटबॉल मैदानं शोधा. खेळपट्टी दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात, लांबीच्या दिशेने टाका. स्क्वेअरला दोन्हीकडे ६८ मीटरहून जास्त जागा मिळते आणि कोणत्याही मैदानाच्या मध्याला किंवा पेनल्टी क्षेत्राला धक्का लागत नाही. 'प्लात्सवार्ट', म्हणजे मैदानाची देखभाल करणारा माणूस, याच मुद्द्यावर राजी होतो. सरळ सीमारेषा मात्र मध्यापासून ५२ मीटरच राहते, म्हणजे स्टंपच्या मागे जेमतेम ४२. सगळे सरळ षटकार तिथेच जाणार. त्या दोन टोकांना वाहनतळ, सायकलमार्ग किंवा बालोद्यान आहे का, हे गुगलच्या नकाशावर न पाहता चालत जाऊन पाहा. फुटबॉलच्या गोलमागे उंच जाळी असेल तर अर्ज करताना ती तुमची जमेची बाजू. मधल्या पट्ट्यात लोखंडी कठडा, दिव्याचा खांब किंवा पाण्याचे नळ असतील तर हे गणित मोडतं.

अर्जासोबत हाताने काढलेला का होईना, मापांचा आराखडा जोडा. हवे असलेले वार आणि तास, खेळाडूंची संख्या, विम्याचा पुरावा आणि सामान ठेवायची जागा लिहा. चेंडू लपवू नका. सोबत न्या आणि टेबलावर ठेवा: १५६ ते १६३ ग्रॅम, बेसबॉलहून जरा जड. पहिल्या हंगामात मऊ किंवा टेप लावलेल्या टेनिस बॉलने खेळण्याची तयारी स्वतःहून दाखवलीत तर परवानगी लवकर मिळते. पुढच्या उन्हाळ्याचा अर्ज शरद ऋतूतच टाका, मार्चमध्ये जाणाऱ्याच्या हाती उरलेसुरले तास येतात.

पाहुण्या क्लबला मोठा फटका बसतो तो उन्हाळ्यात. जून-जुलैत फुटबॉलला सुट्टी, म्हणजे मैदान मोकळं, असा हिशेब सगळे करतात. पण नेमक्या त्याच काळात बऱ्याच पालिका गवत सावरण्यासाठी मैदानं काही आठवडे बंद ठेवतात. त्या बंदीच्या तारखा आधी मागून घ्या, सामने नंतर ठरवा. रविवारी दुपारी १ ते ३ ही शांततेची वेळ असते. वस्तीजवळच्या मैदानावर तिचीही चौकशी करा.

खेळपट्टी

गवताची विकेट विसरा. रोलर, माती, माळी आणि रोजचं पाणी तुमच्याकडे नसतं, आणि मैदानही तुमचं नसतं. सुरुवात अंथरायच्या मॅटने करा.

नियमांप्रमाणे कृत्रिम खेळपट्टी किमान १७.६८ मीटर लांब आणि १.८३ मीटर रुंद हवी. हा आकडा कुठून आला ते पाहा: स्टंप ते स्टंप २०.१२ मीटर, त्यातून दोन्ही टोकांना स्टंपपासून पॉपिंग क्रीजपर्यंतचे, म्हणजे फलंदाजाच्या पुढच्या रेषेपर्यंतचे, १.२२ मीटर वजा केले की १७.६८. म्हणजे सर्वात स्वस्त मॅट क्रीज ते क्रीज पुरते, आणि गोलंदाजाचा पुढचा पाय ओल्या गवतावर पडतो. तीन-चार षटकांत तिथे खड्डा होतो, मग घोटा मुरगळतो आणि खड्डा पाहून प्लात्सवार्टही चिडतो. पैसे असतील तर २८ × २.४ मीटरचं घ्या. नसतील तर दोन्ही टोकांना मॅटचे वेगळे तुकडे जोडा.

अंथरण्याआधी गवत जमेल तितकं आखूड कापून घ्या आणि काड्या, खडे वेचा. एक टोक खिळ्यांनी पक्कं करा, दुसऱ्या टोकाकडून चौघांनी ताणा, मग कडांना खिळे मारत या. मधोमध सुरकुती राहिली तर ती नेमकी गुडलेंथवर येते आणि चेंडू छातीवर उसळतो. टोकांचे खिळे पूर्ण आत गेलेत ना, हे हात फिरवून बघा. धावताना पाय अडकतो तो उचललेल्या कडेतच. आणि पहिला खिळा मारण्याआधी जमिनीखालचे फवाऱ्याचे पाइप कुठून गेलेत, ते प्लात्सवार्टला दाखवायला सांगा. एक फुटलेला पाइप तुमची परवानगी संपवू शकतो.

क्रीज आखताना काटकोन नजरेने धरू नका. दोन्ही टोकांच्या २.६४ मीटरच्या बोलिंग क्रीज, म्हणजे स्टंपच्या ओळीतल्या रेषा, आखल्या की त्यांचे कर्ण मोजा. दोन्ही कर्ण २०.२९ मीटर आले की चौकट बरोबर. मॅटवर या रेषा एकदाच पक्क्या रंगाने काढा. गवतावर रंग लावू नका, फुटबॉलचा पंच त्याला हरकत घेतो. सीमारेषेसाठी चपट्या चकत्या पुरतात. स्टंप स्प्रिंगवाल्या स्टँडचे घ्या. उत्तरेकडे, किनाऱ्याजवळ वारा एवढा असतो की बेल्स टिकत नाहीत. जड बेल्स वापरायची आणि अगदीच जमलं नाही तर बेल्सशिवाय खेळायची मुभा नियमांत आहे.

पाऊस इथे मुंबईच्या पावसाळी कांगा लीगसारखा कोसळत नाही, पण दिवसभर भुरभुरतो. ओल्या मॅटवर चेंडू घसरून खाली राहतो आणि लेदर भिजलं की साबणासारखं सुटतं. मे आणि सप्टेंबरमध्ये दव अकरापर्यंत राहतं. जुने चार चेंडू कोरडे ठेवून आळीपाळीने वापरा. ओलं मॅट तसंच गुंडाळून ठेवलं तर बुरशी धरते. त्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन उलगडायलाच हवं, त्याचं नाव आधी ठरवा.

तीन-चार वर्षं टिकलात आणि पालिका तयार झाली तर कायमची खेळपट्टी. काँक्रीटवर उसळी जास्त आणि थंडीत तडे जाण्याची भीती. दाबलेल्या खडीचा थर जास्त बरा. २८ × २.४ मीटरसाठी १५ सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर दाबल्यावर सुमारे १० घनमीटर खडी लागते, मागवताना पाचवा हिस्सा तरी जास्त मागवा. खाली कापडी अस्तर घाला, नाहीतर खडी मातीत रुतते आणि दोन हिवाळ्यांत मध्यभागी खळगा पडतो. वरचा पृष्ठभाग गवताच्या पातळीहून वर ठेवू नका, गवत कापायच्या यंत्राचं पातं आपटतं.

हिवाळा

ऑक्टोबर ते एप्रिल खेळ हॉलमध्ये. साधा शाळेचा हॉल १५ × २७ मीटर असतो. लांबीत खेळलं तर धाव घ्यायला प्रत्येक टोकाला तीन-साडेतीन मीटर उरतात, तिरकं खेळलं तर कर्ण जवळजवळ ३१ मीटर मिळतो. डाग न पाडणाऱ्या तळव्यांचेच बूट घाला. लवचिक लाकडी जमिनीवर सीझन बॉल टाकायचा विचारही नको. ही वेळ तंत्रासाठी वापरा. टेपबॉलवर वाढलेला फलंदाज पुढचा पाय बाजूला घेऊन फटका मारतो. तो पाय चेंडूच्या रेषेत यायला हिवाळाभर मऊ चेंडूचा सराव लागतो. सीझन बॉलसमोर हेल्मेटशिवाय कुणालाही उभं करू नका, कितीही जुना खेळाडू असला तरी.

आपल्याबाहेरची माणसं

जर्मन क्रिकेट संघटना, डॉयचर क्रिकेट बुंड, १९८८ सालची. लीगसाठी नाव नोंदवायचं तर आपल्या राज्याच्या क्रिकेट संघटनेशी बोला. अनेक वर्षं उभं राहिलेलं काम पाहायचं असेल तर क्रेफेल्डच्या बायर उर्डिंगन मैदानावर जाऊन या, तिथे आंतरराष्ट्रीय टी-२० सामने होतात. तुमच्यातल्या खेळाडूलाही देशाचं दार बंद नसतं, सलग तीन वर्षांचं वास्तव्य हा पात्रतेचा एक मार्ग आहे. अनुराधा दोड्डबळ्ळापूर संशोधनासाठी इथे आली, जर्मनीची कर्णधार झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध तिने लागोपाठ चार चेंडूंत चार बळी घेतले. मुलींचा वेगळा सराव पहिल्याच वर्षी लावा, नंतर जोडू म्हटलं की तो लागत नाही.

क्लब फक्त भारतीय उपखंडाचा राहिला तर श्पोर्टआम्टच्या लेखी तो पाहुणाच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या बैठकीत झाला. अर्जात हे वाक्य जरूर लिहा, इथल्या अधिकाऱ्याला ऑलिंपिक हा शब्द लगेच कळतो. पण जर्मन मुलं यायची तर शाळेत जावं लागतं. दुपारच्या छंदवर्गासाठी मुख्याध्यापकांना भेटा. पायचीत समजावत बसू नका. 'ब्रेनबाल' हा चेंडू फेकून धावण्याचा खेळ इथलं प्रत्येक मूल शाळेत खेळतं. तिथूनच सुरुवात करा: तुम्ही धावता, आम्ही चेंडू परत आणतो, फक्त हातात बॅट आहे आणि मागे तीन काठ्या. हँडबॉल खेळणाऱ्या मुलांचा थ्रो पहिल्या दिवसापासून थेट स्टंपवर येतो, त्यांना पॉइंटला उभं करा.

गटातले संदेश जर्मन किंवा इंग्रजीत ठेवा, मराठी-हिंदीचा वेगळा गट हवा तर करा. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाकडून पोलिसांच्या नोंदीचा विस्तारित दाखला घ्या. क्लबचं पत्र जोडलं तर विनामोबदला काम करणाऱ्याला तो फुकट मिळतो. पत्रावर कार्यकारिणीची सही लागते, आणि दाखला टपालाने घरी यायला काही आठवडे जातात, म्हणून पहिल्या वर्गाच्या दोन महिने आधी अर्ज करा.