‘गांजाचे तेल’ घरात आले तर काय करावे

गेल्या पावसाळ्यात गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या फार्मसीच्या काउंटरवर एका गृहस्थांनी गडद तपकिरी काचेची, ड्रॉपरचे झाकण असलेली एक लहान बाटली ठेवली. तिच्यावर छापील लेबल नव्हते. चिकटपट्टीवर बॉलपेनने ‘रात्री ५ थेंब’ एवढेच लिहिले होते. हणजूणकडच्या कोणा ओळखीच्याने आईच्या गुडघेदुखीसाठी ती दिली होती आणि ‘झाडपाल्याचेच आहे, अपाय कसला व्हायचा’ असे वर सांगितले होते. आईची फाइल उघडली तेव्हा दिसले की तिच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि ती रोज वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. गांजा चांगला की वाईट हा वाद तिथे निरुपयोगी होता. बाटलीत नेमके काय आहे, किती आहे आणि आधी चालू असलेल्या गोळ्यांशी त्याचे जमेल का, एवढेच विचारायचे होते.

सर्वप्रथम वस्तूचे नाव निश्चित करावे. पानांची ती भांग, मादी झाडाचा वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा आणि त्याची राळ म्हणजे चरस, झाड एकच. गोव्याला ते नवे नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापून घेतलेल्या औषधीविषयक ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पणजीतल्या नगरोद्यानाला त्याचेच नाव दिलेले आहे. या झाडातल्या अनेक रसायनांपैकी दोन लक्षात ठेवावीत: टीएचसीमुळे नशा येते, सीबीडीमुळे येत नाही. मात्र बाटलीवर ‘सीबीडी’ लिहिले म्हणून आत टीएचसी नाही असे मानू नये, कारण ते प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय कळत नाही.

त्यानंतर दुखणे कोणते ते पाहावे, कारण या झाडाचा औषध म्हणून उपयोग खरा असला तरी त्याची कक्षा लोक समजतात त्यापेक्षा बरीच लहान आहे. केमोथेरपीनंतर इतर औषधांनी न थांबणाऱ्या उलट्यांसाठी ड्रोनॅबिनॉल या टीएचसीच्या कॅप्सूलला अमेरिकेत १९८५ साली मान्यता मिळाली. लहानपणी सुरू होणाऱ्या अपस्माराच्या दोन तीव्र प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीचे द्रावण २०१८ साली मान्य झाले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात, त्यावरही काही देशांत या दोन्ही रसायनांचा तोंडात मारायचा फवारा वापरतात. जुनाट वेदनेबाबत तज्ज्ञांचे एकमत नाही: अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ च्या अहवालात प्रौढांमधील उपयोगाला भरीव पुरावा असल्याचे म्हटले, तर वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये शिफारस करण्यास नकार दिला. कर्करोग बरा होतो, हा दावा मात्र ऐकून सोडून द्यावा. त्यापायी चालू उपचार थांबवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि मला त्याचा राग येतो.

भारतात वैध मार्ग आहे तो आयुर्वेदातील ‘विजया’चा, म्हणजे याच झाडापासून केलेल्या औषधांचा. तिची गणना औषध नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीत (ई-१ अनुसूचीत) होते आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना लेबलवर छापावी लागते. म्हणून नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख हे सगळे नसेल तर ती बाटली उघडू नये. गांजा आणि चरस १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हाच आहेत. ‘औषधासाठी ठेवला होता’ हे उत्तर तिथे चालत नाही.

चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी, ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. वॉरफरिनबरोबर हे घटक गेल्यास रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. अपस्मारावरच्या औषधांपैकी क्लोबाझमबरोबर सीबीडी घेतल्यास गुंगी वाढते, व्हॅल्प्रोएटबरोबर घेतल्यास यकृतावर ताण येतो. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्या जोडीने तोल जातो, आणि म्हाताऱ्या माणसाचे पडणे म्हणजे पुष्कळदा खुब्याचे हाड मोडणे. हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, आणि स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला भ्रम-भास होणारा मानसिक आजार झालेला असेल अशांनी टीएचसीपासून दूरच राहावे. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. कोवळ्या वयात नियमित ओढणाऱ्यांमध्ये स्मरणशक्ती, अभ्यास आणि मनःस्वास्थ्य यांवरचे परिणाम अधिक दिसतात. आपल्याकडे गांजात बहुधा तंबाखू मिसळतात, त्यामुळे निकोटीनचे व्यसनही नकळत जडते.

खाण्यातून घेतलेल्या पदार्थाबाबत फसगत अधिक होते. ओढलेल्याचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो, खाल्लेल्याचा अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही. दरम्यान ‘काहीच झाले नाही’ म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो. धडधड, प्रचंड भीती, तोंडाला कोरड असा त्रास होऊ लागला तर त्याला शांत, मंद उजेडाच्या खोलीत बसवावे, घोट घोट पाणी द्यावे, एकटे सोडू नये आणि स्कूटर चालवू देऊ नये. उलटी मुद्दाम करवू नये. गुंगी असेल तर कुशीवर झोपवावे. छातीत दुखणे, झटके, बेशुद्धी किंवा ताळतंत्र सुटणे यांपैकी काही दिसले तर १०८ ला फोन करावा. लहान मुलाने चुकून खाल्ले असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते न लपवता सांगावे, कारण ते न कळल्यास डॉक्टरांचा वेळ भलत्याच तपासण्यांत जातो.

वर्षानुवर्षे ओढणाऱ्याला वारंवार उलट्या होत असतील आणि गरम पाण्याच्या आंघोळीनेच बरे वाटत असेल, तर ती पित्ताची तक्रार म्हणून सोडू नये. सततच्या गांजामुळेच हा आजार होतो आणि तो पूर्ण बंद केल्यावरच थांबतो. सोडताना पहिला आठवडा चिडचिड, निद्रानाश आणि भूक मंदावणे यांचा असतो, दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांना उतार पडतो. त्या काळात बांबोळीच्या मनोरुग्ण उपचार संस्थेत जाता येते, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ आणि नशामुक्तीच्या १४४४६ या क्रमांकांवर बोलता येते.

त्या गृहस्थांना मी बाटली तशीच आईच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. पहिला थेंब कधी दिला, असे विचारताच त्यांनी मोबाइलवर भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. आईने तीन तारखांभोवती स्वतःच पेन्सिलीने गोल केले होते. रक्त किती पातळ झाले हे दाखवणाऱ्या आयएनआर तपासणीत कोणत्या तारखेपासूनचा फरक पाहायचा, हे डॉक्टरांना त्यावरूनच ठरवता आले.