चुलीचं धुराडं बसवताना या चुका टाळा

आमच्या कोकणातल्या घरी मागीलदारी अजून रोज चूल पेटते. धुराने आईचे डोळे गेले तसे बायकोचे जाऊ नयेत, म्हणून धुराडं बसवून घेतलं. बसवणाऱ्याने जांभ्याच्या भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला आणि वळचणीखालीच सोडून दिला. धूर बाहेर जात होता, आम्ही खूश. दिवाळीच्या साफसफाईला शिडीवर चढलो तर पाइपावरची रीप, म्हणजे कौलांखालची लाकडी पट्टी, काळी पडलेली. नख लावलं तशी कोळशाची पूड हातात आली.

तेव्हापासून गावात कोणी धुराडं बसवतंय असं कळलं की मी आधी वर बघतो. चुलीपाशी झालेली चूक धुराने लगेच कळते. छपरापाशी झालेली चूक वर्षानुवर्षं कळत नाही, आणि कळते तेव्हा घर पेटलेलं असतं.

छपरातून पाइप नेताना

मंगलोरी कौलांच्या छपरात रिपा साधारण फूटभर अंतरावर असतात. दोन रिपांमधून चार इंची पाइप सहज जातो, म्हणून तसाच घातला जातो. हीच सगळ्यात मोठी चूक. रोज तापणारं लाकूड हळूहळू आतून करपतं आणि पुढे कमी उष्णतेलाही पेट घेतं. एकेरी पत्र्याच्या पाइपापासून लाकूड चारी बाजूंनी दीड फूट लांब हवं. म्हणजे रिपा कापाव्या लागतात, वासा आड येत असेल तर सुताराकडून आडवं लाकूड टाकून चौकट करून घ्यावी लागते, आणि उघड्या जागेवर पत्रा बसवावा लागतो. खर्च वाढतो, पण इथे काटकसर करू नका. एवढी जागा काढणं शक्यच नसेल तर मध्ये उष्णतारोधक भरलेला तयार दुहेरी पाइप घ्या आणि त्यावर लिहिलेलं अंतर पाळा.

पाइपाभोवती पावसाचं पाणी झिरपतं म्हणून डांबर फासणारे पुष्कळ आहेत. डांबर वितळतं, पेटतं. तिथे पत्र्याची झालर लावा, तिची वरची कड वरच्या कौलाखाली सरकवलेली हवी.

आणि पीव्हीसीचा पाइप कधीच नको. तो ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतो. सिमेंटचा जुना अॅस्बेस्टॉसचा पाइप घरात पडून असेल तर तो करवतीने कापू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

धूर घरातच फिरतोय?

पाइप धूर ओढतो तो आतल्या गरम हवेच्या जोरावर. ती हवा हलकी, म्हणून वर चढते. पाइप आखूड असला, वाटेत गार पडला किंवा काटकोनात दोनदा वळला की ओढ संपते. वळण लागलंच तर तिरकं घ्या. वरचं टोक छपरातून निदान ३ फूट वर काढा, आणि १० फुटांच्या आत आढं (छपराचं सगळ्यात उंच टोक) असेल तर आढ्याच्याही २ फूट वर. नाहीतर वारा आढ्यावरून उतरताना धूर परत खाली ढकलतो. टोपी आणि पाइपाचं तोंड यांत चार बोटं तरी मोकळी सोडा.

सगळं नीट असूनही धूर येत असेल तर वैलाकडे, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडाकडे बघा. पुढे भात शिजतोय आणि वैलावर भांडंच नाही, असं असेल तर धुराडं तिथून गार हवा ओढत बसतं. भांडं नसेल तेव्हा वैल झाकून ठेवा.

स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असेल तर चूल पेटलेली असताना तो बंद ठेवा. दारं-खिडक्या लावलेल्या असल्या तर तो धुराड्यातला धूर उलटा घरात ओढतो. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो, त्याला ना वास ना रंग. डोकं जड झालं, मळमळायला लागलं तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

पावसाळ्यात पाइप ओला-गार असतो. चूल पेटवायच्या आधी पाइपाच्या बुडाशी मूठभर सुकं गवत पेटवा, ओढ लागते.

काजळी

ओली फाटी जाळली की पाइपात काळा, चिकट थर धरतो. जोडावरून काळे ओघळ दिसतात ते त्याचेच. पाइप जोडताना वरचा पाइप खालच्याच्या आत बसवा, म्हणजे ओघळ आतच राहतो. हा थर पेटला तर पाइपातून घोंघावल्यासारखा आवाज येतो आणि पत्रा लाल होतो. अशा वेळी वरून पाणी ओतू नका. चुलीचं तोंड आणि वैल पत्र्याने झाकून हवा तोडा, माणसांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. ती आग विझली तरी छपराची लाकडं तासाभराने पुन्हा हात लावून बघा.

साफसफाईसाठी बुडाशी झाकणाचं तोंड आधीच ठेवून घ्या. आमच्याकडे ते नव्हतं. नव्या पाइपाला ठेवलंय, आणि दर महिन्याला गार चुलीत काथ्याचा बोळा दोरीला बांधून वरून खाली ओढतो. श्रावणात पाटीभर काजळी निघते, उन्हाळ्यात ओंजळभर.