कशाचा फोटो काढतेय मी?

वीस वर्षं मी इमारतींचे नकाशे काढले. नकाशात एक रेष जास्त पडली तर बांधणाऱ्याला ती भिंत वाटू शकते, म्हणून प्रत्येक रेषेचं कारण सांगता यावं लागतं. कॅमेरा हातात आला तेव्हा मात्र ही शिस्त मी बाजूला ठेवली. इमारत दिसली की अख्खी घ्यायची, झाड दिसलं की बुंध्यापासून शेंड्यापर्यंत घ्यायचं. घरी येऊन बघावं तर फोटोत सगळं असायचं आणि नजर कुठेच ठरायची नाही.

मग एक सवय लावून घेतली. बटण दाबण्याआधी विचारायचं, हा फोटो कशाचा? उत्तर दोन शब्दांत आलं पाहिजे. 'इमारत' हे उत्तर मी धरत नाही, 'कठड्याची सावली' धरते. 'बाग' नाही, 'वाकलेला देठ' चालेल. उत्तरात 'आणि' आलं की अजून दोन पावलं पुढे जायचं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

सुरुवात इमारतीपासून करा, कारण ती थांबून राहते. रोजच्या वाटेवरची एकच निवडा आणि पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा न घेता जा. कुठल्या भिंतीवर ऊन किती वाजता येतं, तेवढंच बघायचं. ऊन समोरून पडलं की भिंत सपाट दिसते. तेच ऊन तिरपं, भिंतीला घासून जायला लागलं की गिलाव्यावरचे थापीचे फटकारे आणि विटांमधले सांधे वर उठून येतात. ही वेळ फार थोडी असते, कधी कधी जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. ती हेरून ठेवणं हे निम्मं काम.

दुसरी गोष्ट, सरळ उभं राहणं. उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात, इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी पट्टी, भिंतीला समांतर राहिला नाही, एवढंच त्याचं कारण. मागे जा, कॅमेरा सरळ धरा आणि खाली आलेली जादा जमीन नंतर कापून टाका. समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर जाता आलं तर त्याहून उत्तम. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्यात कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच चारी बाजूंनी थोडी जागा सोडा. स्क्रीनवरची जाळी चालू ठेवा. मी ती कधीच बंद करत नाही.

हा सरळपणा किती दूर नेता येतो, ते बघायचं असेल तर बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याचं काम बघा. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपले. आभाळ ढगाळ, सावली जवळजवळ नाही, वस्तू फ्रेमच्या मध्यावर. वीस टाक्या शेजारी शेजारी लावल्या की प्रत्येकीचा स्वतःचा चेहरा दिसायला लागतो. मला सावलीची ओढ आहे, त्यामुळे त्यांचा उजेड मी घेतला नाही. त्यांची ताठ नजर मात्र घेतली.

छायाचित्रकार लुसियाँ एर्वे यांची वाट वेगळी. १९४९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्या वसाहतीचं बांधकाम चालू असताना त्यांनी एका दिवसात ६५० फोटो काढले. ते पाहून ल कॉर्बुझिए यांनी त्यांना आपल्या इमारतींच्या छायाचित्रणासाठी नेमलं. एर्वे छापील फोटोवर सरळ कात्री चालवायचे, मोठ्या चित्रातून एक अरुंद पट्टी उरेपर्यंत. क्रॉप करताना ज्यांचा हात अडखळतो त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता माझ्या एका फोटोची गोष्ट. काँक्रीटचा जिना, शेजारी पांढरी भिंत, भिंतीवर पायऱ्यांची करवती सावली. पहिल्या फ्रेममध्ये जिना, सावली, वरची खिडकी, कोपऱ्यात लाल अग्निशामक नळकांडं. कशाचा फोटो? सावलीचा. मग खिडकी कशाला? झूम वाढवून ती गेली. नळकांडं जाईना. अर्धं पाऊल डावीकडे सरकले तेव्हा ते खांबाआड गेलं, पण आता सावलीचं टोक फ्रेमच्या कडेला टेकत होतं. कडेला नुसतं टेकलेलं टोक फार खुपतं. ते एक तर आत यावं नाही तर पुरतं बाहेर जावं. गुडघ्यावर बसले, टोक आत आलं. शेवटी लक्षात आलं की खऱ्या पायऱ्यांचीही गरज नाही, सावली पुरेशी बोलते. पायऱ्याही काढल्या. उरलं काय, तर पांढरी भिंत आणि तिच्यावरून तिरकी उतरणारी सात काळी टोकं. याला चाळीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात सावली जवळपास एक पायरी खाली सरकली होती.

त्यात अजून एक अडचण आली. पांढरी भिंत फोटोत मळकट राखाडी दिसत होती. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरच्या दृश्याला मधल्या राखाडी छटेकडे ओढतो, मग ते दृश्य भिंतीचं असो, धुक्याचं असो की बर्फाचं. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. फोनवर भिंतीवर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर लॉक होतं, मग बोट वर सरकवायचं. हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, उजव्या कडेला आपटू मात्र देऊ नका, नाही तर गिलावा पांढऱ्या डागात विरून जाईल.

इमारतीकडून झाडापानांकडे वळताना मला जर्मन छायाचित्रकार कार्ल ब्लॉसफेल्ड यांचा आधार वाटतो. ते बर्लिनमध्ये शिकवत. विद्यार्थ्यांना आकार कळावेत म्हणून स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यांनी वनस्पतींचे खूप मोठे केलेले फोटो काढत. साधी पार्श्वभूमी, मधोमध एक देठ. तिथे गुंडाळलेला नेचा धर्मगुरूच्या दंडासारखा दिसतो आणि कोवळा कोंब खांबासारखा. १९२८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. भिंतीसमोर तयार झालेली नजर गवताच्या पात्यालाही चालते, हे मला त्यांच्या फोटोंमुळे पटलं.

फरक इतकाच की इथे पार्श्वभूमी तुम्हाला तयार मिळत नाही, शोधावी लागते. पहाटे वारा पडलेला असताना जा. दव पडलेलं एक पातं निवडा आणि कॅमेरा पात्याच्या उंचीवर आणा, म्हणजे जमिनीवर आडवं व्हावं लागेल. आता पात्याकडे बघू नका, त्याच्या मागे बघा. मागे उजळ आभाळाचा तुकडा असेल तर पातं त्यात हरवेल. कॅमेरा हातभर बाजूला सरकवा, म्हणजे मागे एखाद्या बुंध्याची काळोखी सावली येईल. उजळलेलं पातं काळ्यावर आलं की दवाचा प्रत्येक थेंब वेगळा मोजता येतो. पार्श्वभूमी जितकी लांब तितकी ती मऊ होते. फार जवळून काढताना फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं अंतर, कमालीची कमी होते. वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकाराची पडत असेल तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ/८ ला ठेवलं तर ती खोली सुमारे एक मिलिमीटर असते. म्हणून सेन्सर पात्याला समांतर धरा. भिंतीसमोर धरला होता तसाच.

धुकं असेल तर सगळी कामं सोडून बाहेर पडा. लांबचं सगळं ते पुसून टाकतं आणि जवळचं एकच झाड उरवतं. पाण्यावरच्या लाटा खुपत असतील तर ट्रायपॉड आणि दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच, लावा. १/३० सेकंदाची एक्स्पोजरची वेळ सुमारे ३४ सेकंदांवर जाते आणि पाणी सपाट होतं. क्षितिज मध्यावर नको, हा नियम मनावर घेऊ नका. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो १९८० पासून समुद्राचे फोटो काढत आले आहेत, त्यांत अर्धं पाणी आणि अर्धं आकाश असतं, आणि त्यांच्यासमोरून मला हलवत नाही.

साधनांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फोन पुरतो. फक्त वाइड लेन्सचा मोह टाळा, कारण ती आजूबाजूचं सगळं आत ओढते. दोन-तीन पट झूमवर ठेवून पायांनी पुढे-मागे व्हा. रंग काढून टाकायचा असेल तर तो काढण्याआधी ठरवा. गोंधळलेला फोटो कृष्णधवल केला तरी गोंधळलेलाच राहतो.

सराव असा करा. एक जागा, एक तास, दहाच फ्रेम. घरी आल्यावर प्रत्येकीखाली दोन शब्द लिहा. ज्यांच्याखाली लिहिता आले नाहीत त्या पुसू नका. त्या घेऊन पुन्हा त्याच जागी जा आणि जे नको होतं त्यावर बोट ठेवा.

सध्या मी एका जुन्या दगडी भिंतीकडे जातेय. दोन दगडांच्या सांध्यातून नेचा उगवलाय आणि त्याचं एक पान अजून गुंडाळलेलं आहे. सकाळी सव्वाआठच्या सुमाराला तिथे ऊन पोचतं आणि त्या गुंडाळीची सावली दगडावर पडते. मागे गिलाव्याचा एक पांढरा डाग येतो, तो टाळायला अजून वाट सापडलेली नाही. पान उलगडायला दोन-तीन दिवस असतील. उद्या थोडी खालून बघणार आहे.