आधी फिल्म, मग पीप: गंभीर न्यूमोनियात व्हेंटिलेटरच्या या चुका टाळा

रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन 86 टक्क्यांवर आलं की हात आपसूक व्हेंटिलेटरवरच्या पीपच्या (PEEP, श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, सेंटीमीटर पाण्यात) बटणाकडे जातो. 8 चा 12, 12 चा 15. ऑक्सिजन हलत नाही, उलट बीपी घसरतो आणि मग कुणीतरी विचारतं, एक्स-रे कुठे आहे? क्रम इथेच चुकला: आधी एक्स-रेची फिल्म पाहायची, मग पीप.

न्यूमोनिया फुप्फुसाच्या एकाच लोबमध्ये (खंडात) घट्ट बसलेला असेल तर पू भरलेला तो भाग पीपने सहसा उघडत नाही. दाब जातो मऊ, निरोगी फुप्फुसात. ते जास्त फुगतं, त्यातल्या केशवाहिन्या दबतात आणि रक्त आजारी बाजूकडे वळतं. म्हणून पीप वाढवूनही सॅच्युरेशन उतरतं. अशा रुग्णात पीप बेताचाच ठेवा आणि चांगली बाजू खाली येईल असं कुशीवर वळवून पाहा. फुप्फुसात गळू असेल किंवा रक्त येत असेल तर मात्र उलट, आजारी बाजू खाली.

फिल्मवर दोन्ही फुप्फुसं सर्वदूर पांढरी असतील, तर जास्त पीपचा उपयोग होऊ शकतो. पण चित्र नीट वाचता आलं पाहिजे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या ‘लाइव्ह’ चाचणीत फुप्फुसाचं चित्र पाहून दाब ठरवला होता. सुमारे 21 टक्के रुग्णांचं वर्गीकरण (आजार एका भागात की सर्वदूर) चुकलं, आणि चुकीची सेटिंग मिळालेल्यांत मृत्यू जास्त झाले.

गोव्यात वाळपई किंवा काणकोणहून रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला येतो तेव्हा पहिली फिल्म बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपवर आधी पोचते. ती कोणत्या पीपवर काढली हे विचारा. 5 वरची फिल्म आणि 12 वरची फिल्म शेजारी ठेवून ‘सुधारणा आहे’ म्हणू नका. नुसत्या दाबानेही फिल्म काळी दिसते. उताण्या रुग्णाच्या छातीतलं पाणी मागे पसरतं आणि नुसतं धुरकट दिसतं. अशा वेळी सोनोग्राफीचा प्रोब लावा, पाणी की न्यूमोनिया ते खाटेवरच कळतं. फुप्फुस गरजेपेक्षा फुगलंय का, हे मात्र सोनोग्राफी सांगत नाही.

टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिली जाणारी हवा) खाटेवर लिहिलेल्या वजनावर ठरवू नका. टेपने उंची मोजा. 160 सेंटीमीटर उंचीच्या बाईचं हिशेबातलं वजन सुमारे 52 किलो, म्हणजे किलोमागे 6 मिलिलिटरने साधारण 315. तिचं खरं वजन 80 धरलं तर तोच आकडा 480 होतो.

प्लॅटो (श्वास आत भरून क्षणभर थांबवल्यावरचा दाब) 30 च्या आत आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यातून पीप वजा करा. उरलेलं ड्रायव्हिंग प्रेशर 15 च्या खाली हवं. रुग्ण स्वतः श्वास ओढत असताना केलेल्या इन्स्पिरेटरी होल्डचा (प्लॅटो मोजायला श्वास आत रोखण्याचा) आकडा फसवा असतो.

आणि ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवरून आयसीयूच्या मशिनवर घेताना ट्यूब क्षणभर क्लॅम्प करा. नाहीतर वाटभर राखलेला पीप स्ट्रेचरवरच शून्यावर येतो.